दवनीवाड्यातल्या चेतनाने कॉम्प्युटर निवडला

चेतना टेंभरेचा लॅपटॉप पापड भाजायच्या जाळीवर बसून काम करायचा. त्याच्या पोटातला पंखा कधीचा रुसला होता आणि खालून हवा खेळती राहिली नाही, की तो तापून आपोआप बंद पडायचा. म्हणून खाली जाळी, शेजारी टेबलफॅन, आणि अक्षरं पुसून गेलेल्या कीबोर्डवर चेतनाची धावती बोटं. याच थाटात तिने गोंदियाच्या एका राइस मिलची वेबसाइट बनवली होती, आमगावच्या दातांच्या डॉक्टरांची बनवली होती आणि तिरोड्याच्या एका लग्नाच्या लॉनचीसुद्धा.

चेतना माहेरची तिरोड्याची. नागपुरात कॉम्प्युटर शिकली, तिथेच एका कंपनीत लागली, आणि लग्न होऊन दवनीवाड्याला आली तेव्हा नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. नवरा हेमेंद्र गावात कृषी केंद्र चालवतो, खत-बियाणं विकतो. सासरे केवलराम धानाची शेती पाहतात. सासूबाई धुरपताबाई घर पाहतात आणि घरातल्या प्रत्येकाने काय करावं हेही पाहतात. सपरीला, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीला, लागून धानाची पोती ठेवायची एक खोली होती, ती चेतनाने मागून घेतली, चुना मारला आणि तिथे टेबल टाकलं.

सुरुवातीला गावाला वाटलं, टेंभऱ्यांच्या सुनेने ऑनलाइन सेंटर उघडलं. लोक आधार कार्ड घेऊन यायचे. ती समजावून सांगायची की आपण दुकानांच्या, कारखान्यांच्या वेबसाइट बनवतो, फॉर्म भरत नाही. लोक मान हलवायचे आणि तिथेच बसून राहायचे. मग ती फॉर्म भरून द्यायची. असं करता करता तिच्या कामाचं नाव मात्र झालं, आणि एक दिवस नवेगाव बांधहून बकारामभाऊंचा फोन आला.

बकारामभाऊ तिथल्या तलावावर मासेमारी करणारे. त्यांनी आणि शेजारच्या काही घरांनी मिळून तलावाजवळ पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. थंडीत लांबून पक्षी येतात, ते पाहायला माणसं येतात, आणि आल्यावर कुठे उतरायचं ते त्यांना माहीत नसतं. खोल्यांची वेबसाइट हवी होती, आणि तिच्यावरूनच बुकिंग व्हायला हवं होतं, तेही हिवाळ्याच्या गर्दीआधी.

चेतनाने अर्धं काम उरकलं आणि व्हिडिओ कॉलवर दाखवायला घेतलं. बकारामभाऊंच्या मागे त्यांची बायको रुख्माबाई, शेजारचे उदाराम, आणखी कोणी कोणी, सगळे फोनमध्ये डोकी घालून बसलेले. चेतना मोठ्या उत्साहाने सांगत होती की इथे तारीख निवडायची, इथे खोली निवडायची, आणि नेमक्या त्याच वेळी लॅपटॉपने एक बारीक शीळ घातली आणि डोळे मिटले. पंखा जवळ ओढला, जाळी हलवली, बटण दाबून पाहिलं. काही नाही.

लगेच फोन वाजला. बकारामभाऊ काळजीने विचारत होते, "मॅडम, तुम्ही गेल्या कोठी?"

काम गेलं नव्हतं. ती रोजच्या रोज सगळ्याची प्रत इंटरनेटवर ठेवत असे, तेवढं कंपनीने शिकवलं होतं. पण लॅपटॉप गेला तो गेलाच. चेतनाने त्याचं झाकण लावलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं ते भलतंच. तिला चक्क हसू आलं. हा लॅपटॉप तिला कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिला होता, दुकानदाराने जो काढून दिला तो. नंतर कंपनीने दिला तो वापरला. आपल्या कामाचं मशीन आपण निवडायचं, आपल्या कमाईतून, ही वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

घरात बातमी पसरली आणि मुलगी बघायला निघावं तसा प्रत्येकाने आपला सल्ला दिला. पुण्याच्या कंपनीत असलेली मैत्रीण रुचिका फोनवर म्हणाली, की डोळे मिटून तो चंदेरी लॅपटॉप घे, आमच्याकडे सगळे तोच वापरतात, क्लायंटसमोर काढला की निम्मं काम झालंच. हेमेंद्रचा चुलतभाऊ गुड्डू गोंदियात राहतो, त्याला गेम खेळायचं वेड. त्याने काचेच्या पेटीतला, आतून लाल-निळे दिवे लागणारा मोठा कॉम्प्युटर सुचवला आणि त्याचे एवढे फोटो पाठवले की चेतनाचा फोन भरला. धुरपताबाईंनी ते फोटो पाहिले आणि त्यांना तो फारच पसंत पडला. असा डबा सपरीत ठेवला तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल, असं त्यांचं म्हणणं. केवलराम म्हणाले की काहीही घ्या, पण लाइन गेली तर चालेल असं घ्या.

हेमेंद्रने हात वर केले. "चुंगडी-पोतं पाहून खत सांगतो मी. याच्यातलं मले काही समजत नाही. तुले जे पाहिजे ते तू पाय, मी गाडी चालवतो."

खरं सांगायचं तर चेतनाचं मन चंदेरी लॅपटॉपवर गेलं होतं. त्याची जाहिरात तिने किती वेळा पाहिली होती ते तिचं तिलाच ठाऊक. हेमेंद्रच्या छोट्या हत्तीत बसून, म्हणजे खताची पोती वाहायच्या त्या छोट्या मालगाडीत बसून, ती गोंदियाला निघाली तेव्हा मनाशी सगळं ठरलेलंच होतं.

गोंदियाच्या बाजारात कैलाशचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याने लॅपटॉप समोर ठेवला आणि चेतनाचा हात आपोआप त्याच्यावर फिरला. थंड, गुळगुळीत, पातळ.

"मॅडम, सब डेवलपर यही ले रहे हैं. बाकी कुछ देखने की ज़रूरत ही नहीं," कैलाश म्हणाला.

ते ऐकलं आणि चेतनाच्या डोक्यात काहीतरी खटकलं. साडी घेतानासुद्धा ती पदर उलगडून पाहते. मग हे न पाहता कसं घ्यायचं? तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात बकारामभाऊंची वेबसाइट होती. ती कैलाशला म्हणाली की मला याच्यावर माझं काम करून पाहायचं आहे. कैलाश जरा गांगरला, कारण त्याच्याकडे लोक डबा पाहतात, किंमत विचारतात आणि घेतात. पण दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नाही. त्याने खुर्ची दिली.

मग चेतना जी बसली ती बसलीच. लॅपटॉपवर काम पाण्यासारखं वाहत होतं, यात शंकाच नव्हती. पण काम करता करता मशीनचा किती भाग वापरला जातोय, हे दाखवणारी एक खिडकी तिने उघडून ठेवली होती, आणि तिकडे पाहून तिची तिलाच गंमत वाटली. त्या महागड्या मशीनचा मेंदू जवळजवळ झोपूनच होता. तिच्या कामाला लागत होती ती आठवण, म्हणजे रॅम. ब्राउझरच्या दहा खिडक्या, कोडची एक, फोटोंची एक, हे सगळं एकाच वेळी उघडं ठेवायला जागा हवी, बाकी फार काही नको. तेवढी रॅम त्या लॅपटॉपमध्ये हवी असेल तर किंमत दुप्पट, आणि नंतर वाढवायची सोय नाही. पडदाही तसा लहानच. आणि चेतना रोज बसून काम करायची ते एकाच टेबलावर. लॅपटॉप उचलून ती जाणार होती कुठे?

दिव्यांच्या पेटीवरही बसून पाहिलं. त्यातले पंखे गिरणीसारखे घरघरत होते आणि वीज एवढी खाणार, की घरच्या इन्व्हर्टरवर चहा उकळेपर्यंतही टिकली नसती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. कैलाश काउंटरवर बिल करायला गेला आणि चेतनाचं लक्ष त्याच्या मॉनिटरच्या मागे गेलं. तिथे एक लहानशी काळी पेटी स्क्रूने बसवली होती, वहीपेक्षा लहान. तिने विचारलं की हे काय.

कैलाश ओशाळल्यासारखा हसला. "अरे, वो तो ऑफिसों का पुराना माल आता है, मॅडम. मिनी पीसी. बिल बनाने के काम का है. आपके लायक नहीं."

"बैठ के देखूँ?" चेतनाने विचारलं.

तसलीच एक पेटी आत कपाटात होती. कैलाशने ती काढली, चेतनाच्या सांगण्यावरून तिच्यात रॅमच्या दोन मोठ्या पट्ट्या बसवल्या, नवी वेगवान डिस्क घातली आणि सुरू केली. आवाज नाही. चेतनाने वेबसाइट उघडली, कोड उघडला, ब्राउझरच्या खिडक्या एकामागून एक उघडत गेली, अजून एक, अजून एक. पेटी हूं की चूं करीना. हेमेंद्र दारात उभा राहून चहा पीत होता. त्याला कळत काही नव्हतं, पण बायकोचा चेहरा पाहून तो आत आला आणि शेजारी येऊन उभा राहिला. चेतनाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"हेच," ती म्हणाली.

जे पैसे वाचले त्यातून तिने मनासारखा मोठा मॉनिटर घेतला, उभा फिरवता येणारा. कोड म्हणजे लांबच लांब खाली जाणारा मजकूर, तो उभ्या पडद्यावर पोथीसारखा वाचता येतो. पाठीला आधार देणारी खुर्ची घेतली. आणि सगळ्यात शेवटी एक स्वस्तातला स्वस्त मोबाइल घेतला. हेमेंद्रने विचारलं की हा काऊन, तुझ्याजवळ चांगला आहे ना. ती म्हणाली की वेबसाइट बघणाऱ्या लोकांजवळ असाच असतो.

घरी पोचल्यावर धुरपताबाई ओवाळायचं ताट घेऊनच उभ्या होत्या. छोट्या हत्तीतून मॉनिटर उतरला तेव्हा त्या खूश झाल्या. मग चेतनाने पिशवीतून काळी पेटी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पालटून पाहिली.

"येवढासा? हा तं सुपारीचा डबा दिसते. लोकायले मी काय दाखवू?"

"लोकायले वेबसाइट दाखवा, आई," चेतना म्हणाली. धुरपताबाईंनी नाक मुरडलं, पण डब्याला कुंकू लावलं.

मशीन लावलं आणि पहिल्याच दिवशी लोखंडी टेबलाला हात लावताच बोटाला बारीक झिणझिणी आली. जुन्या घराला नीट अर्थिंगच नव्हतं. मग हेमेंद्र आणि केवलराम दोघांनी घरामागच्या सांदवाडीत खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ आणि कोळसा भरला. ती जागा ओली राहिली पाहिजे एवढं वायरमनने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून धुरपताबाई तुळशीला पाणी घालून झाल्यावर उरलेला तांब्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतू लागल्या.

आणि चेतनाचं काम असं सुटलं, की ज्याचं नाव ते. सकाळी खोलीत शिरली की जेवायला हाक मारावी लागे. पूर्वी एक बदल करून तो पाहायला लॅपटॉपची मिनतवारी करावी लागायची. आता बोट उचलण्याआधी दिसायचं. तिला मध्येच उठून कोणाला तरी सांगावंसं वाटायचं. सांगायला घरात सासूबाईच असायच्या. मग त्या हातातली भाजी ठेवून यायच्या आणि उभ्या पडद्यावरच्या रंगीत ओळी पाहून म्हणायच्या, की कशिदा चांगला आहे.

खोल्यांचं उद्घाटन ठरलं. बकारामभाऊंनी सगळीकडे सांगून ठेवलं, की त्या दिवशी सकाळपासून बुकिंग सुरू. आणि उद्घाटन अगदी तोंडावर आलं असताना दवनीवाड्याची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. दिवस धान कापणीचे, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, सगळं गाव. दुपारी मोठा धमाका झाला आणि सगळी लाइन गेली. पहिल्या दिवशी चेतनाची पेटी इन्व्हर्टरवर शांतपणे चालत राहिली. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर संपला, इंटरनेटही गेलं. नवी डीपी कधी येणार ते कोणालाच सांगता येईना.

चेतना सपरीत येऊन बसली. अजून बरंच काम बाकी होतं. गोंदियाला गुड्डूकडे जाता आलं असतं. पण बुकिंग आल्यावर काय करायचं ते शिकवायला बकारामभाऊंकडे एकदा जायचंच होतं. मग आजच का नाही? ती ताडकन उठली. पेटी तिच्या खांद्याच्या पिशवीत डब्यासारखी मावली. प्रश्न मॉनिटरचा होता. गोधडीत गुंडाळला तरी छोट्या हत्तीत मागे टाकला तर रस्त्याच्या खड्ड्यांनी त्याचा चुरा झाला असता.

"मी धरतो मांडीवर," धुरपताबाई म्हणाल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत लुगडं बदलायला आत गेल्या.

अशी ती वरात निघाली. हेमेंद्र गाडी चालवतोय, मधे चेतना पिशवी पोटाशी धरून, आणि खिडकीशी धुरपताबाई, मांडीवर गोधडीतला मॉनिटर, नातवाला घ्यावं तसा. गाव सोडताच कापलेल्या बांधीत सारसाची जोडी उभी दिसली. धुरपताबाईंनी गाडी हळू करायला लावली आणि शकुन चांगला झाला असं जाहीर केलं. गोंदिया मागे पडलं, गोरेगाव मागे पडलं, जंगल सुरू झालं. प्रत्येक गतिरोधकाला धुरपताबाई हेमेंद्रला सांगत होत्या, की हळू, काच आहे.

नवेगाव बांधला बकारामभाऊंनी एका नव्या खोलीत टेबल लावून दिलं. खिडकीतून तलाव दिसत होता. चेतनाने पेटी काढली, वायरी जोडल्या, आपल्या फोनवरून इंटरनेट दिलं, बटण दाबलं. जिथे काम सोडलं होतं तिथून ते पुढे सुरू झालं. ती एवढी आनंदली की टाळीच वाजवली.

मग तिने तो स्वस्त मोबाइल काढला आणि तलावाकाठच्या मरतुकड्या नेटवर्कवर वेबसाइट उघडली. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. घरच्या वेगवान इंटरनेटवर झटक्यात उघडणारी वेबसाइट इथे उघडतच नव्हती. बकारामभाऊंचा चेहरा उतरला.

चेतनाला कारण लगेच उमगलं. बकारामभाऊंनी पाठवलेले पक्ष्यांचे फोटो सुंदर होते आणि प्रचंड होते. घरी ते जाणवलंच नव्हतं. डीपी जळली नसती तर उद्घाटनाच्या दिवशीही जाणवलं नसतं, लोकांनीच फोन बंद करून दुसरं हॉटेल पाहिलं असतं. अंगावर काटा आला तिच्या, आणि त्यापाठोपाठ हुरूप आला. तिने एकेक फोटो लहान करायला घेतला, पक्ष्याच्या पिसाची झाक जाऊ न देता. बुकिंगचा रकाना वर आणला, फोटो खाली नेले, आधी अक्षरं दिसतील आणि चित्रं मागून येतील असं केलं. एक बदल केला की रुख्माबाई तो मोबाइल घेऊन अंगणाच्या पार टोकाला जायच्या, जिथे नेटवर्क सगळ्यात वाईट, आणि तिथून ओरडून सांगायच्या. आधी सांगायच्या, फिरून राहिलं. मग सांगू लागल्या, अक्षर आले. शेवटी त्या पळतच आल्या.

"उघडलं न उघडलं तं बदक दिसलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला आणि बुकिंग सुरू झालं. सगळे मॉनिटरसमोर बसले. चेतनाने समजावून सांगितलं होतं, की पहिल्याच दिवशी काही येईलच असं नाही. हे ती स्वतःलाच सांगत होती बहुतेक. चहा झाला, पोहे झाले. उदारामांनी विचारलं की याला हलवून पाहायचं काय.

तेव्हा घंटी वाजली. रायपूरच्या एका कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या होत्या. बकारामभाऊंनी ते नाव स्वतः वाचलं, मग रुख्माबाईंना वाचून दाखवलं, मग बाहेर जाऊन गल्लीला सांगितलं. चेतनाने खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसती हसत राहिली. धुरपताबाई जमलेल्या बायकांना मॉनिटरच्या मागे नेऊन काळी पेटी दाखवत होत्या. आमच्या सुनेने सगळं दुकान पालथं घालून ही शोधून आणली, असं त्या सांगत होत्या, आणि मोठ्या दिव्यांच्या पेट्यांमध्ये काही दम नसतो, असंही.

दुपारी केवलरामांचा फोन आला, की नवी डीपी बसली, लाइन आली. हेमेंद्रला दुकान उघडायला जायचं होतं. पण बकारामभाऊ काही सोडेनात. त्यांनी तिघांनाही डोंग्यात बसवलं आणि तलावात नेलं. पाणी आरशासारखं होतं, लांबवर बदकांचा थवा ठिपक्यांसारखा. धुरपताबाई डोंग्याची कड घट्ट धरून बसल्या होत्या. मधोमध पोचले आणि चेतनाच्या फोनची घंटी वाजली. तिने पाहिलं. नागपूरहून एक बुकिंग. फोन खाली ठेवते न ठेवते तोच आणखी एक.

"कोन हो?" बकारामभाऊंनी वल्हं थांबवून विचारलं.

"भाऊ, आता किती खोल्या शिल्लक आहेत?" चेतनाने विचारलं, आणि बकारामभाऊ बोटांवर मोजू लागले, तसा डोंगा हळूहळू आपला आपणच गोल फिरायला लागला.